सकाळची मूठ

मशीनवर बसलेल्या पोरीने आवाज कमी केला. झालं ते एवढंच. कोटावरच्या बिल्ल्यावर तिचं नाव विनीता लिहिलेलं होतं, वय पंचवीसच्या आत, नखांना जांभळा रंग. ममता डाव्या कुशीवर, छातीवर थंड चिकट जेल, आणि खोलीभर तिच्याच हृदयाचा आवाज. कुणी सुपात ज्वारी पाखडत बसावं तसा तो सुरुवातीला वाटला. मग तिचा कान लागला. वीस वर्षं फॅक्टरीच्या शॉपमध्ये माल तपासणारी एक्झामिनर म्हणून काढलेल्या बाईचा कान, तो नुसता ऐकत नाही, तपासतो. एक ठोका पुढे जात होता आणि त्याच्या मागोमाग काहीतरी घसटत परत येत होतं. वॉशर गेलेला हातपंप असाच बोलतो, तिने मनाशी म्हटलं, आणि नेमक्या त्याच वेळी पोरीने बटण डावीकडे फिरवलं. टीव्हीवर काही वंगाळ लागावं, खोलीत लेकरू यावं आणि घरच्यांनी काही न बोलता आवाज बारीक करावा, तसं. शेचाळीस वर्षांच्या ममताला कुणी लेकरू समजण्याची ही पहिलीच वेळ नव्हती, पण यावेळी ते तिला लागलं. "साँस रोकिए दीदी," पोरगी म्हणाली. ममताने रोखला. अलीकडे तो रोखणंच सोपं जात होतं, सोडून पुन्हा घेणं कठीण. "छोड़िए." आणि मग कागदाने जेल पुसता पुसता, नजर पडद्यावर ठेवून, "घर से कोई आया है साथ में?"

कुणी आलं नव्हतं. अश्वजीतला तिने डोळ्यांची तपासणी म्हणून सांगितलं होतं. तिच्या आजारातल्या एका गोळीसाठी दरवर्षी डोळे दाखवावे लागतात, ते त्याला पाठ होतं, त्याची भीती आता जुनी आणि पाळीव झाली होती. राइट टाउनच्या त्याच इमारतीत डोळ्यांचाही दवाखाना होता आणि ममताने खरोखरच आधी डोळे दाखवून घेतले होते, खोटं बोलायचं तर निदान निम्मं खरं असावं म्हणून. डोळे ठणठणीत निघाले. मग एक मजला चढून ती इकडे आली. एक मजला, अठरा पायऱ्या. नवव्या पायरीवर ती थांबली आणि भिंतीवरचा दातांच्या जाहिरातीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. जबलपुरात जिथे जिथे जिना आहे तिथे तिथे वर्षभरात ममताने काही ना काही वाचून काढलं होतं. इतकं वाचन तिने शाळेत केलं असतं तर बाबांची मान उंच झाली असती.

रिपोर्ट घेऊन ती खालच्या मजल्यावर डॉक्टर चिन्मयीकडे गेली. ही डॉक्टर नवी, दोन वर्षांपूर्वी आलेली, आणि ममताला होता त्या ल्युपसचे, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं त्या आजाराचे, पेशंट बघणारी. आल्या आल्याच तिने हृदयाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी ममताने चार घड्या करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि दोन वर्षं ती तिथे एखाद्या देवळाच्या अंगाऱ्यासारखी राहिली. डॉक्टर मराठी होती, इंदूरकडची, तिचं मराठी ममताला रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ वाटायचं. "डावीकडची झडप जाड झालीय," ती म्हणाली, "नीट मिटत नाही. रक्त उलटं येतं. त्यामुळे हृदयाला दुप्पट राबावं लागतंय, आणि ते थकलंय. आणि तुमची किडनी, मी मागेही म्हटलं होतं, जेमतेम अर्ध्यावर आहे." ममताने विचारलं, "पण मॅडम, माझी बिमारी तर शांत आहे ना? तीन वर्षं झाली. तुमच्या आधीच्या डॉक्टरसाहेबांनीच लिहून दिलंय." डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजार शांतच आहे. पण चढता होता तेव्हा त्याने आत जे करून ठेवलं, ते शांत होत नाही. ते राहतं आणि वाढतं." मग जरा वेळाने, "दम कधीपासून लागतोय?" "दिवाळीपासून," ममता म्हणाली. कुठल्या दिवाळीपासून ते तिने सांगितलं नाही आणि डॉक्टरने विचारलं नाही. महिन्याच्या आत नागपूरला सर्जनला दाखवायचं, झडप बदलावी लागेल, किडनीमुळे धोका आहे पण न करण्यात त्याहून जास्त आहे. "यजमानांना घेऊन या उद्या. सह्या लागतात, आणि मला त्यांच्याशी बोलायचंय."

यजमान. रिक्षात बसल्यावर ममताला त्या शब्दाचं हसू आलं. अश्वजीतला कुणी यजमान म्हटलं की तो मागे वळून बघतो, दुसरा कुणी आहे का. तो वीज कंपनीत केबल जोडणारा माणूस, जमिनीखालची तुटलेली केबल शोधून उघडायची, तारेला तार पिळायची, वर थर चढवायचे आणि पुन्हा माती लोटायची. रस्त्यात खड्डा दिसला की लोक शिव्या देतात, हा वाकून आत बघतो. एकोणीस वर्षांपूर्वी, लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा ममताचे हात गेले. गेले म्हणजे होते जागेवरच, पण सकाळी उठावं तर बोटं लाकडाच्या चमच्यांसारखी. नळ फिरेना, कणिक तिंबता येईना, ब्लाउजचा हूक लागेना. गालांवर आणि नाकावर लाल चट्टे, आणि तिचे बाबा, डोमाजी, म्हणत राहिले की शॉपमधल्या भट्टीची आंच लागली पोरीला, तिला दुसऱ्या सेक्शनला टाका. दिवस गेले होते, पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. त्यानंतर नागपूरचे मोठे डॉक्टर, रक्ताच्या नळ्याच नळ्या, आणि ते नाव. डॉक्टरांनी त्या दिवशी वीसेक प्रश्न विचारले असतील. लघवी कशी, तोंड येतं का, केस गळतात का, उन्हात काय होतं, छातीत दुखतं का. अश्वजीतच्या ध्यानात त्यातला एकच राहिला. सकाळी मूठ वळते का? बुडत्याला काडी म्हणतात ती हीच असावी. परतीच्या गाडीत त्याने तिचा हात हातात घेऊन तो पाचदा विचारला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो त्या घराचा कायदा झाला. सकाळी डोळे उघडले की आधी, चहाच्या आधी, तोंड धुण्याच्या आधी, तो म्हणणार, "मूठ?" आणि ती पांघरुणातून हात काढून जेवढी वळेल तेवढी वळवून दाखवणार. पहिले नऊ महिने वळलीच नाही. त्या नऊ महिन्यांत तो रोज तिची वेणी घालायचा. वेणी त्याला येत नव्हती, केबल येत होती. तीन पदरी केबल पिळावी तशी घट्ट पिळलेली वेणी, वर टोकाला रबर इतका करकचून की सेक्शनमधल्या बाया म्हणत, "काहून गं ममता, आज करंट मारते का वेणी?" मग केसच गळायला लागले आणि वेणीचा प्रश्न आपोआप सुटला. गोळ्यांनी तोंड सुजलं. डॉक्टर लोक त्याला चंद्रासारखा चेहरा म्हणतात, किती गोड नाव. आणि एका मार्चमध्ये, सकाळी, बोटांची टोकं तळव्याला टेकली. अश्वजीत उठला. स्वयंपाकघरात गेला, आणि चहाचं भांडं उतू जाऊन गॅस विझेपर्यंत तिथेच उभा राहिला.

रिक्षा सदर बाजाराकडे वळली, तिथे अश्वजीत भेटणार होता. डिसेंबरची दुपार, सगळं जबलपूर उन्हाला पाठ देऊन बसलेलं. कुणी दुकानाच्या पायरीवर, कुणी उलट्या घातलेल्या खुर्चीवर, बाया स्वेटर विणत, फौजी घरांतल्या म्हाताऱ्या शेंगा फोडत. ममताने छत्री मांडीवर घेतली होती. एकोणीस वर्षांत ती उन्हात बसली नव्हती. ऊन लागलं की बिमारी उसळते हे दोघांनी असं मनावर घेतलं होतं की घराच्या खिडक्यांना दुहेरी पडदे, तिच्या सगळ्या ब्लाउजना मनगटापर्यंत बाह्या, आणि चौदा एप्रिलची मिरवणूक ती दरवर्षी दुसऱ्याच्या गॅलरीत आत उभी राहून बघायची. एवढी राखण केली. पुढच्या दाराला कडी, कुलूप, आडणा. आणि जे आत होतं ते आतल्या आतच काम करत राहिलं, आवाज न करता, बहुतेक त्याच सकाळींना, जेव्हा मूठ छान वळत होती. मूठ मिटत होती आणि झडप मिटत नव्हती. तिला वाटलं, हे मला कळायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

कारण तिचं कामच ते होतं. बाबा आयुष्यभर एक्झामिनर होते, आणि ममता सोळा वर्षांची असताना एका रविवारी त्यांनी तिला जेवणाच्या पाटावर गेज समजावून सांगितलं होतं, घरात दुसरं काही शिकवण्यासारखं नव्हतं म्हणून. लोखंडाची बोटभर कांडी, दोन टोकं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं, दुसरं अडलं, माल पास. बस. मोजायचं नाही, वाचायचं नाही, डोकं चालवायचं नाही. "म्हणून तर हे चांगलं," बाबा म्हणाले होते, "माणूस थकते, गेज थकत नाही." बाबांचं हे चुकलं होतं. गेजही थकतं. हजारो भोकांत जाऊन येऊन ते जाणारं टोक घासतं, केसाच्या शंभराव्या हिश्शाने बारीक होतं, आणि मग जे भोक नापास व्हायला हवं त्यातही सहज शिरतं. हाताला काही कळत नाही. उलट फार गुळगुळीत, फार बरं वाटतं. म्हणून दर काही आठवड्यांनी सगळी गेजं वरच्या खोलीत न्यायची, जिथे शालिग्राम भैया मोठ्या भिंगाचा चष्मा लावून बसतो आणि मखमलीच्या पेटीतल्या मापांवर एकेक तपासतो. ती मापं कधी शॉपमध्ये येत नाहीत, हातोहात फिरत नाहीत, म्हणून घासत नाहीत. मागच्या थंडीत ममता गेजं घेऊन त्या खोलीपर्यंत चढली आणि दारात अडकलेल्या श्वासासाठी थांबली, तेव्हा शालिग्राम भैयाने वर न बघता म्हटलं होतं, "दीदी, लेट हो गईं. गेज अपनी घिसाई खुद थोड़े ही बताता है." तिने हसून पेटी टेबलावर ठेवली. तो गेजबद्दल बोलत होता, दुसऱ्या कशाबद्दल बोलण्याइतकी त्याला फुरसत नसते. पण त्याच रात्री तिने दुसरी उशी घेतली होती, सपाट झोपलं की छातीवर पाणी चढल्यासारखं होत होतं म्हणून, आणि सकाळी "मूठ?" म्हटल्यावर हात वर करून दाखवली होती. पक्की, गच्च, पास. खोटं ती बोललीच नव्हती. त्याने जे विचारलं त्याचं उत्तर तिने रोज खरंच दिलं होतं, इतक्या वर्षांत एकदाही न चुकता.

अश्वजीत मिठाईच्या दुकानाच्या सावलीत उभा होता. ऊन सोडून, तिच्यासाठी निवडलेल्या सावलीत, स्वतः थंडीने हात चोळत. बायकोला भेटायचं म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी केसांना पाणी लावून भांग पाडणारा माणूस. "डोळे?" त्याने रिक्षा थांबायच्या आत विचारलं.

"ठीक आहेत."

"एकदम?"

"एकदम. तुमचं टक्कल दिसून राहिलं तेवढे."

तो खूष झाला. खोव्याची जिलबी घेतलीच पाहिजे म्हणाला. काळपट, जाड, पाकात मुरलेली, जबलपूरची म्हणून पाहुण्यांना खाऊ घालायची ती. बाकड्यावर पलीकडे एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांनाही त्याने ओढून सांगितलं, "आमच्या मॅडमचे डोळे पास. या बिमारीपुढे मोठमोठे लोक हारले, पण इथं बिमारीच हारली, काय समजले?" गृहस्थ म्हणाले, "अच्छा है, अच्छा है." ममता पानातल्या जिलबीकडे बघत होती. त्याची ही बढाई तिने लग्नांत, नामकरणांत, एकदा तर एका मयतीतही ऐकली होती, आणि दरवेळी तिला लाज आणि माया एकदम दाटून यायची. माणसाने एकच लढाई जिंकलेली असावी आणि तीही बायकोच्या तळहातावर.

मग त्याने खिशातून कागद काढला. घडी उलगडताना त्याचे हात पाकाने चिकट होते. "वाच."

रेल्वेची तिकिटं होती. जबलपूर ते जळगाव, दोन सीट, जानेवारीचा दुसरा आठवडा.

"अजिंठा," तो म्हणाला. "बाबांची किती इच्छा होती तुझ्या, त्यांचं राहिलं. मी सगळी चौकशी केली ना. बाहेर थोडंसं ऊन लागते, छत्री आहे. एकदा आत गेलं की बस. गुंफा! आत ऊनच नाही. दोन हजार वर्षांपासून ऊन नाही तिथं. तुझ्यासाठीच खोदून ठेवलं लोकांनी."

"चढायला किती आहे?" ममताने विचारलं.

"अं?"

"पायऱ्या."

"असतील थोड्याफार. पायऱ्यांचं काय तुला, तुला तर उन्हाचंच," तो म्हणाला आणि गृहस्थांकडे वळून जळगावहून बस कुठून सुटते ते सांगू लागला. ममताने पर्स उघडली. रिपोर्टचा लिफाफा तिकिटांहून मोठा होता, नीट आत जात नव्हता, कोपरा बाहेर राहिला. आता सांगावं. बाकड्यावर, गृहस्थांच्या देखत नको, पण स्कूटरवर मागे बसल्यावर, त्याच्या पाठीला, चेहरा दिसणार नाही तेव्हा. लिफाफ्याच्या कोपऱ्यावर तिने बोट दाबून धरलं. सांगितलं तर उद्या सकाळी तो काय विचारेल? आणि न सांगितलं तर अजिंठ्याच्या कुठल्या पायरीवर ती काय वाचायला थांबेल? तिथे तर जाहिराती नसणार. शेवटी जिलबी तिने अर्धीच खाल्ली, उरलेली त्याने खाल्ली, आणि रांझी वस्तीतल्या घरी येईपर्यंत त्याच्या पाठीला टेकून ती गप्प राहिली, कारण स्कूटरच्या धक्क्यात बोलायला जेवढा श्वास लागतो तेवढा तिच्याजवळ नव्हता. हे कारण खरं होतं. सगळं खरं नव्हतं.

दोन उशांवर तिसरी घेऊन तिने ती रात्र बसूनच काढली. गुंफांतल्या चित्रांतली, कधी न बघितलेली माणसं तिला दिसत राहिली, बाबांनी जुन्या कॅलेंडरवर दाखवलेली, अर्धी रंग उडालेली, तरी डोळे मिटून शांत बसलेली. बाबा म्हणायचे, बघ, किती झिजलं तरी चेहरा कसा आहे. बाबांना झिजेचं कौतुक होतं. त्यांनी स्वतः सेवा संपायच्या आधी सहा महिने एक सबंध लॉट लाल रंगाने खोडला होता, त्यांच्याच हाताने आदल्या दिवशी पास केलेला. गेज घासलेलं निघालं होतं. साहेब म्हणाले, "जाऊ द्या डोमाजी, कुणाला कळते?" बाबा म्हणाले, "मला कळून गेलं ना साहेब." घरी आले तेव्हा बोटांना लाल रंग होता, आणि आईने रक्त समजून ओरडा केला. ममताला आठवलं की बाबा त्या दिवशी जेवताना अतिशय भुकेले होते. आपली चूक आपणच खोडून आलेल्या माणसाची भूक. ती तिला तेव्हा समजली नव्हती.

उजाडलं. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक काडी भिंतीवर पडली, रोज पडते तिथेच. अश्वजीतने कूस बदलली, डोळे उघडायच्या आधीच हात पुढे केला.

"मूठ?"

ममताने मूठ दाखवली नाही. पांघरूण पायाशी लोटलं, साडीचा काठ वर ओढला आणि डावा पाय त्याच्या हाताजवळ आणला.

"इथं दाबा."

"काहून? मुरगळला काय?"

"दाबा तर."

त्याने घोट्याच्या वर, हाडावर, अंगठा ठेवला, हळूच. "जोरात," ती म्हणाली. त्याने दाबला आणि उचलला. तिथे खड्डा राहिला. अंगठ्याच्या आकाराचा, रेषा उमटलेला, कणकेत पडावा तसा. अश्वजीत उठून बसला. उशाखालचा चष्मा लावला. जमिनीतल्या केबलचं जुनं रबर अंगठ्याने दाबून बघायचं, परत वर आलं तर जिवंत, नाही आलं तर आतपर्यंत गेलेलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो वाट बघत होता. खड्डा तसाच होता.

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून."

"मागच्या?" त्याने बोटं मोजावीत तसं ओठ हलवले. "मी रोज विचारून राहिलो होतो."

"तुम्ही मुठीचं विचारत होते."

"तर तू मुठीचंच सांगशील? एक्झामिनर आहे म्हणे!" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "अख्खी फॅक्टरी तपासते, आणि घरी... मला येडा समजली का तू? मी त्या सदरात माणसं धरून धरून सांगून राहिलो, आणि तू जिलबी खात बसली!"

"अर्धीच खाल्ली," ममता म्हणाली. आणि मग तिला रडू आलं नाही, दम लागला, आणि दम उतरेपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला, ओठ घट्ट मिटून, तिच्याकडे न बघता. श्वास जागेवर आला तसं तिने सगळं सांगितलं. आवाज बारीक करणारी पोरगी, झडप, उलटं येणारं रक्त, त्याने पायांत साचणारं पाणी, अर्धी किडनी, नागपूर, सह्या. दोन वर्षांची चिठ्ठीही सांगितली, तीच सांगायला सगळ्यात जड गेली. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण चांगला माल आणि वाईट माल वेगळा काढून, एकेक उचलून, टेबलावर मांडत आहोत, आणि हाताला ते काम येतं. लपवायचं काही उरलं नाही तेव्हा पोटात एक विचित्र पोकळी झाली. भूक असावी.

 अश्वजीत उठला, शर्टाच्या खिशातून तिकिटं काढून कॅलेंडरच्या खिळ्याला लावली. "राहू दे इथं," तो म्हणाला. "अजिंठा दोन हजार वर्षं थांबला, आणखी थांबते. आज डॉक्टरीणबाईकडे जाऊ. कितीला उघडते?"

"अकराला."

"अच्छा." तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. चहाचं भांडं हातात घेतल्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा आला नाही. भांडं तसंच घेऊन तो परत आला आणि पलंगाच्या कडेला बसला, एकोणीस वर्षांपूर्वीच्या गाडीत बसला होता तसा, गुडघे जुळवून.

"ममता."

"हं."

"मग उद्या सकाळी मी काय विचारू?"

तिने विचार केला. खरोखर केला. उत्तरं वीस होती, आणि ती वीसही त्या नागपूरच्या डॉक्टरांनी त्या दिवशी दोघांसमोर बोलून दाखवली होती.

"आधी दाबून बघा," ती म्हणाली. "मग विचारा, किती उशा घेतल्या. मग जिन्याचं. आणि मी लवकर 'ठीक' म्हटलं तर पुन्हा विचारा."

"लिहून ठेवतो," तो म्हणाला, पण उठला नाही. दोघांनीही पायाकडे बघितलं. खड्डा अजून होता, कडा तेवढ्या मऊ झाल्या होत्या. अश्वजीतने रिकामं भांडं मांडीवर ठेवलं आणि खड्डा भरून यायची वाट बघत बसला.